आधी हिमोग्लोबिन, मग बाटली

चीनमध्ये पाळी संपली की बाईने ‘सी-वू-तांग’ हा चार वनस्पतींचा काढा घ्यायचा, ही जुनी रीत. सोंग राजवटीच्या सरकारी औषधग्रंथात तो नोंदलेला आहे आणि त्यातली दांग-ग्वे ही मुळी रक्त पोसणारी म्हणून ख्यातनाम आहे. आपल्याकडे अळिवाची खीर, शतावरी कल्प, अशोकारिष्ट, लोहासव. थकलेल्या बाईचे रक्त भरून यावे ही कळकळ दोन्हीकडे सारखीच आहे. बाळंतिणीला अळीव खाऊ घालणाऱ्या आजीशी आमचे भांडण नाही.

भांडण आहे ते तपासणीवाचून चालणाऱ्या उपचाराशी. देहूरोडहून पहाटे तळेगाव-चाकणकडे कंपनीच्या गाडीने निघणारी कंत्राटी कामगार मुलगी चक्कर आली की मेडिकलमधून रक्तवाढीची बाटली नेते. आपले हिमोग्लोबिन किती, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. गरोदर नसलेल्या बाईत ते दर डेसिलिटरला १२ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांना तो होता. २०१९-२१ मध्ये ५४.२ टक्के. राज्यात निम्म्याहून अधिक बायका अशा अवस्थेत उभ्याने कामाची पाळी भरतात, स्वयंपाक करतात, मुले वाढवतात.

लोह कमी असेल तर लोह-फॉलिक ॲसिडची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ती चहाबरोबर घेतली तर लोह नीट अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर लागते. एवढे सांगायला अर्धे मिनिट पुरते. पण मूळ कारण गर्भाशयातली गाठ, बी-१२ ची कमतरता किंवा थॅलेसेमिया असेल तर बाटलीपायी महिने वाया जातात. दांग-ग्वेच्या कॅप्सूल आता घरबसल्या मागवता येतात. वॉरफरीनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्या बाईला त्यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. वनस्पतीचे म्हणून औषध निरुपद्रवी, हा समज सोडायला हवा.

या कंत्राटी मुलींच्या पगारातून ईएसआय या कामगार विम्याचे ०.७५ टक्के दरमहा कापले जातात. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचे रुग्णालय आहे, देहूरोडहून लोकलने दोन स्टेशनांवर. तरी त्या जात नाहीत, कारण गेले की खाडा पडतो आणि कंत्राटदार दुसरी मुलगी उभी करतो. नव्या कामगार संहितांमध्ये चाळिशीपुढच्या कामगारांना वर्षातून एकदा मोफत तपासणी आहे. पाळीतून रक्त जाते ते मात्र विशी-तिशीतल्या मुलींचे. तेव्हा वयाची अट न घालता, गेटच्या आत, कामाच्या वेळेत, पगार न कापता प्रत्येक कामगार स्त्रीचे हिमोग्लोबिन सहा महिन्यांतून एकदा तपासा आणि आकडा तिच्या हातात लिहून द्या. कंत्राटी कामगारही त्यात धरा. मूळ कंपनीने ही जबाबदारी कंत्राटदारावर ढकलू नये.