रकाना रिकामा राहिला तरी चालेल, पण नोंद खरी हवी



आजचा विषय जरा वेगळा आहे. नवीन डॉक्टरांच्या लॉगबुकचा. आपण प्राथमिकचे शिक्षक, आपला त्याच्याशी काय संबंध, असं कुणी म्हणेल. माझ्या मते संबंध दोन बाजूंनी येतो. आपण आणि आपली मुलं या डॉक्टरांचे पेशंट आहोत, ही एक बाजू. आणि शिकणाऱ्याला काय येतं याची नोंद ठेवण्याचं काम आपणही रोज करतो, ही दुसरी. त्यामुळे त्या वहीत काय बिघडतं हे आपल्याइतकं लवकर दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

आपल्या जिल्ह्यात हा विषय आता दारात आला आहे. २०२४ मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्या वर्षी राज्यात एकदम दहा नवी शासकीय महाविद्यालयं सुरू झाली, त्यातलं हे एक. बदनापूर तालुक्यात वरुडीला खासगी महाविद्यालय आधीपासून आहेच. इतकी वर्षं पेशंट जास्त झाला की "घाटीला न्या" एवढंच आपल्याला माहीत होतं. आता डॉक्टर आपल्याच जिल्ह्यात घडणार. एमबीबीएसचा अभ्यास साडेचार वर्षांचा, त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप. म्हणजे जालन्याची पहिली तुकडी २०२९ च्या आसपास इंटर्न होईल. शिवाय शासकीय महाविद्यालयातून शिकलेल्यांना एक वर्ष बंधपत्रित सेवा असते. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दिसणारे तरुण "बॉण्डवाले डॉक्टर" ते हेच. रात्री दोन वाजता बाळंतपणाची बाई आली किंवा शेतात साप चावलेला माणूस आणला, तर समोर हेच असतात. वर्षभरापूर्वी त्यांच्या वहीत कुणी काय लिहिलं आणि कुणी सही केली, याचा संबंध त्या बाईच्या जिवाशी आहे.

लॉगबुकमध्ये असतं काय?

एमबीबीएसला २०१९ च्या प्रवेशापासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. हा शब्द आपल्याला नवा नाही. आम्ही पोरं शाळेत होतो तेव्हाच "किमान अध्ययन क्षमता" आल्या होत्या. वैद्यकीय अभ्यासक्रमातही तसंच केलं आहे. कोणत्या विषयात काय आलं पाहिजे याची अडीच हजारांहून जास्त क्षमतांची यादी आहे आणि प्रत्येकीपुढे पातळी लिहिली आहे. नुसतं माहीत असलं तरी चालेल, कसं करायचं ते सांगता आलं पाहिजे, करून दाखवता आलं पाहिजे, की स्वतः करता आलं पाहिजे. जॉर्ज मिलर नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९९० मध्ये अशाच पायऱ्यांचा एक पिरॅमिड मांडला होता. त्याच विचाराची ही मांडणी.

आपल्या भाषेत सांगायचं तर हातच्याची वजाबाकी घ्या. नियम पाठ असणं ही एक पायरी. फळ्यावर गणित सोडवून दाखवणं ही दुसरी. आणि किराणा दुकानात पन्नासची नोट देऊन सुटे पैसे बरोबर मोजून घेणं ही खरी शेवटची पायरी. पहिल्या पायरीवरच्या पोराला शेवटच्या पायरीचा शेरा दिला, तर फसतं कोण? तेच पोर. डॉक्टरच्या बाबतीत मात्र दुसरंच कुणीतरी फसतं.

आता लॉगबुकचं पान. त्यात क्षमतेचा क्रमांक, केलेल्या कामाचं नाव आणि तारीख असते. पुढचे रकाने फार विचारपूर्वक केलेले आहेत. हा पहिला प्रयत्न होता, पुन्हा केलेला, की उपचारात्मक? काम अपेक्षेपेक्षा कमी झालं, अपेक्षेप्रमाणे, की जास्त चांगलं? शिक्षकांचा निर्णय काय: पूर्ण झालं, पुन्हा करा, की उपचारात्मक शिकवणी हवी? मग शिक्षकांची सही आणि तारीख. आणि शेवटी, मला प्रत्याभरण मिळालं म्हणून विद्यार्थ्याची सही.

हा शेवटचा रकाना मला सगळ्यात आवडला. शिक्षकाने नुसती सही करून वही परत करायची नाही, काय चुकलं ते विद्यार्थ्याला सांगायचं, आणि सांगितलं याला विद्यार्थीच साक्षीदार. "उपचारात्मक" हा शब्द आपण दवाखान्याच्या भाषेतून उसना घेतला. तो आपल्या शाळांतून फिरून पुन्हा डॉक्टरांच्या वहीत गेला, हेही गमतीचं आहे.

इंटर्नशिपचे नियम नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नव्याने काढले. वर्षभर वेगवेगळ्या विभागांत फिरायचं, त्यातले बारा आठवडे सामुदायिक वैद्यकशास्त्रात, म्हणजे गावपातळीच्या आरोग्यकामातही. कुठे काय केलं याचं लॉगबुक ठेवायचं आणि वरिष्ठांकडून ते प्रमाणित करून घ्यायचं. कागदावर यात नाव ठेवायला जागा नाही.

मग बिघडतं कुठे?

बिघडतं ते सहीच्या वेळी. विभाग बदलायच्या आदल्या दिवशी इंटर्न वह्या घेऊन पळत असतात. ज्यांनी काम पाहिलं ते रेसिडेंट डॉक्टर ड्युटीवर नसतात आणि ज्यांची सही लागते त्यांनी काम पाहिलेलं नसतं. ओपीडीत दोनशे पेशंट उभे असतात. मग वही उघडायची, तारखा टाकायच्या, "पूर्ण झालं" लिहायचं, सही. सगळीकडे असंच होतं असं मी म्हणणार नाही, मन लावून शिकवणारे डॉक्टरही आहेत. पण ज्यांच्या घरात कुणी इंटर्नशिप केली आहे त्यांना हे वर्णन परकं वाटणार नाही.

त्यात पीजीच्या प्रवेश परीक्षेचं भूत डोक्यावर. इंटर्नशिपचं वर्ष म्हणजे त्या परीक्षेचं वर्ष. बाळंतपणाच्या वॉर्डात रात्र जागून मार्क मिळत नाहीत, प्रश्नसंच सोडवून मिळतात. पोरं हुशार आहेत, त्यांना हिशोब कळतो. नवोदय आणि शिष्यवृत्तीच्या वर्षात आपल्याकडे चित्रकला आणि कार्यानुभवाच्या तासाचं काय होतं ते आठवा.

हे आपल्याला चांगलं ओळखीचं आहे

२० ऑगस्ट २०१० चा शासन निर्णय आला आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं. कल्पना चांगलीच होती. वर्षाच्या शेवटी एका पेपरवर पोराला तोलायचं नाही. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प अशा आठ साधनांनी वर्षभर बघायचं आणि वर्णनात्मक नोंदी करायच्या. मग झालं काय? बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली. विषयवार, इयत्तावार. नंतर पीडीएफ आल्या. "परिसरातील घटनांविषयी कुतूहल व्यक्त करतो", "स्वतःचे मत स्पष्टपणे मांडतो" असली वाक्यं एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जशीच्या तशी गेली. वर्गात कधी तोंडही न उघडणाऱ्या मुलीपुढे "मत स्पष्टपणे मांडते" असं लिहिलेलं नोंदवहीत सापडेल.

यात शिक्षक कामचुकार होते असं समजू नका. तपासणीला येणारा माणूस एकच गोष्ट बघायचा: रकाना भरला आहे का. भरलेल्या रकान्यात खरं लिहिलंय का, हे बघायला त्याच्याकडे वेळही नसायचा आणि वर्गातलं एखादं पोर उठवून पडताळायची पद्धतही नव्हती. रिकाम्या रकान्याला नोटीस आणि खोट्या रकान्याला शाबासकी. अशा ठिकाणी माणूस काय करेल?

माझं मत इथेच येतं. नोंदवहीतला सगळ्यात उपयोगी रकाना म्हणजे रिकामा रकाना. "या इंटर्नने अजून एकही बाळंतपण स्वतः केलेलं नाही", हे ज्या वहीतून कळतं ती वही कामाची. कारण त्यावरून पुढची ड्युटी कुठे लावायची हे ठरवता येतं. "या पोराला जोडाक्षरं येत नाहीत", हे ज्या नोंदीतून कळतं ती नोंद कामाची. सगळे रकाने भरलेल्या वहीतून काहीच कळत नाही. आणि रिकामा रकाना लपवायला लावणारी व्यवस्था आपणच उभी केली, तर शिकणाऱ्याला काय येत नाही हे कळायचं एकमेव दार आपण बंद केलं.

विलायतेतही हेच दुखणं

हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. ब्रिटनमध्ये डॉक्टर झालेल्यांना २००५ पासून दोन वर्षांचा फाउंडेशन प्रोग्राम करावा लागतो. २०२१ च्या तिथल्या अभ्यासक्रमात अडीच हजार नाही, फक्त तेरा व्यावसायिक क्षमता आहेत. नवीन डॉक्टरने आपल्या ई-पोर्टफोलिओत प्रत्येक क्षमतेला पुरावे जोडायचे: कुणी प्रत्यक्ष काम बघितलं, कोणत्या पेशंटवर चर्चा झाली, आणि स्वतः काय शिकलो याचं आत्मचिंतन. वर्षाअखेरीला एक समिती ते तपासते आणि पुढे जाऊ द्यायचं की नाही ठरवते. यादी इतकी आटोपशीर असूनही नुसत्या टिका मारायच्या अशी तक्रार तिथेही आहेच.

पण तिथे त्याहून मोठी गोष्ट घडली. २०११ मध्ये लेस्टरच्या एका रुग्णालयात सहा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला आणि २०१५ मध्ये शिकाऊ बालरोग डॉक्टरला त्याबद्दल फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवलं. २०१८ च्या सुरुवातीला तिचं नाव वैद्यकीय नोंदणीतून काढलं गेलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. दरम्यान तिथल्या डॉक्टरांत एकच भीती पसरली: पोर्टफोलिओत आपण प्रामाणिकपणे लिहिलेलं उद्या आपल्याच विरुद्ध वापरतील. तिच्या त्या नोंदी न्यायालयात पुरावा म्हणून ठेवल्या नव्हत्या, असा खुलासा झाला. चौकशीसाठी आम्ही असं आत्मचिंतन मागणार नाही, असं तिथल्या वैद्यक परिषदेलाही सांगावं लागलं. तरी डॉक्टर जपून लिहायला लागले.

लिहिलेलं आपल्याच अंगावर येईल असं वाटलं की माणूस गुळगुळीत लिहितो. आपलं पोरही गृहपाठात न आलेलं गणित शेजाऱ्याचं बघून उतरवतं ते याच भीतीने. "आलं नाही" असं लिहिलं तर ओरडा बसेल हे त्याने कुठेतरी शिकलेलं असतं.

मग नोंदी बंदच करायच्या का?

असं म्हणणारे बरेच आहेत. मी त्यातला नाही. नोंदीच नव्हत्या तेव्हा लेखी पेपर चांगला लिहिणारा पास व्हायचा, आणि मितभाषी पण हाताने तरबेज असलेला मागे पडायचा. नोंद ही शिकणाऱ्याच्या हक्काची गोष्टही आहे. "मला अजून टाके घालायची संधी मिळालेली नाही, माझा हा रकाना रिकामा आहे", असं इंटर्न वही दाखवून म्हणू शकतो. वही नसेल तर त्याला वर्षभर नमुने लॅबमध्ये पोचवायला आणि रिपोर्ट आणायलाच पळवलं तरी कुणाला कळणार नाही.

मला चार गोष्टी सुचतात, दवाखान्यासाठी आणि शाळेसाठीही.

१. ज्याने पाहिलं त्यानेच सही करावी आणि त्याच दिवशी करावी. आठवड्यानंतर आठवून केलेली नोंद ही नोंद नसते.

२. यादी छोटी करावी. मोजक्या पण चुकल्या तर जीव जाईल अशा गोष्टी काटेकोर बघाव्यात, बाकीच्या सोडून द्याव्यात. पहिली-दुसरीला वाचन, लेखन आणि संख्याज्ञान एवढंच खरं नोंदवलं तरी पुष्कळ झालं.

३. "पुन्हा करा" हा शेरा शिक्षा समजू नये. वर्षभरात एकही "पुन्हा करा" नसलेली वही आली, तर तपासणाऱ्याला उलट शंका आली पाहिजे.

४. तपासणाऱ्याने वही कमी आणि माणूस जास्त बघावा. दहा नोंदींतली एक निवडावी आणि "ही करून दाखव" म्हणावं. शाळेत आला तर दोन पोरांना वाचायला सांगावं.

पालकांना एक विनंती. प्रगतिपुस्तकात "अजून सरावाची गरज आहे" असं वाक्य दिसलं तर रागावू नका, पोरावरही नाही आणि बाईंवर किंवा गुरुजींवरही नाही. ज्याने ते लिहिलं त्याने तुमच्या पोराकडे खरंच बघितलं आहे. शाळेत येऊन विचारा, नेमका कशाचा सराव घ्यायचा. तुमच्यातल्या काहींची मुलं पुढे नीट देतील, जालन्यातच डॉक्टरकी शिकतील. "मला हे अजून येत नाही, शिकवा" असं म्हणायची सवय त्यांना पहिलीतच लागली, तर इंटर्नशिपच्या वहीत ती खोटी तारीख टाकणार नाहीत. ती सवय लावायचं काम मात्र आपल्या वर्गात आणि तुमच्या घरातच करावं लागेल.