हरकत असेल तर लेखी दे

बेटा,

तुझं नाव लिहीत नाही. तू ओळखशील आणि गावही ओळखेल. हे सगळं तुझ्या ओट्यावर बसून बोलता आलं असतं. पण तू माझ्या बायकोचं नाव चौकात, माइकवरून घेतलंस, म्हणून मलाही चारचौघांतच बोलावं लागतंय.

त्या दिवशी तहसीलसमोरच्या मंडपात तू यादी वाचत होतास तेव्हा मी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात होतो. आम्हा पेन्शनरांना दर वर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो, त्याचेच कागद हातात होते. "उशिरा जन्मदाखले काढलेले घुसखोर" असं तू आधी मोठ्यानं म्हणालास आणि मग एकेक नाव घेत गेलास. शेख, शाह, खान, अमुक बी, तमुक बी. त्यात तिचं नाव आलं आणि त्याला जोडून नवरा म्हणून माझं. मी वाट बघत होतो की आता हा थबकेल, एकदा कागदाकडे नीट बघेल. तू पाणीसुद्धा न पिता पुढच्या नावावर गेलास. दुकानातला पोरगा माझ्याकडे बघायचं टाळत होता. त्यानं झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत, ते मला जास्त लागलं.

तिला तू चाची म्हणायचास. तुझे मायबाप दिवाळी झाली की टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे आणि तू आजीजवळ राहायचास. तिसरीत असताना तुला खरूज झाली होती. बोटांच्या बेचक्या, कोपरं, पोट, सगळं खाजवून खाजवून रक्ताळलेलं. वर्गात कोणी तुझ्याशेजारी पट्टीवर बसेना. ती तुला शाळा सुटल्यावर घरी घेऊन यायची, कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं ओट्यावर आंघोळ घालायची, गंधकाचं मलम लावायची आणि माझा जुना सदरा घालून परत पाठवायची. तुझे कपडे उकळत्या पाण्यात टाकून ठेवायची. तू बोंबलायचास आणि ती म्हणायची, "चूप बस रे पोट्ट्या, मायला सांगू का तुह्या?" उपकार म्हणून हे काढत नाही. तुझ्या यादीत ती फक्त एक आडनाव आणि एक 'बी' होती, म्हणून सांगतोय की ती कोण आहे.

आता तो दाखला काढलाच काहून, हे विचारायला तू आला असतास तर मी फाइल दाखवली असती. माझ्या सेवापुस्तकात बायकोची जन्मतारीख एक, तिच्या आधारवर १ जानेवारी, मतदार यादीत तिसरंच वय. मी गेलो तर तिला कुटुंब निवृत्तिवेतनासाठी खेटे घालावे लागतील, म्हणून माझ्या हयातीत हे जुळवून ठेवावं असं पेन्शनचं काम बघणाऱ्या बाबूनंच सुचवलं. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. वर्ष उलटून गेलेल्या जन्माची नोंद करायची तर त्याच्या कलम १३ प्रमाणे पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ते काम कोर्टातून महसूलकडे आलं. आम्ही सरकारनं उघडलेल्या दारातून, सरकारी फी भरून, प्रतिज्ञापत्र करून गेलो. आदेशावर नायब तहसीलदारांची सही झाली, ग्रामपंचायतीत नोंद झाली, दाखला मिळाला.

जानेवारी २०२५ मध्ये भाजप नेते किरीट सोमय्यांच्या आरोपांवरून मालेगावचं उशिराच्या जन्मदाखल्यांचं प्रकरण गाजलं. ते नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव. आपल्या वाशिम जिल्ह्यातही मालेगाव तालुका असल्यानं चार दिवस लोक आपल्याच मालेगावकडे बोट दाखवत होते, ते सोड. मग अकोला आलं, अमरावती आलं. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं, राज्यभर उशिराच्या जन्मनोंदी थांबवल्या आणि मार्चमध्ये नवीन कार्यपद्धती काढली. पुढं असं निघालं की नायब तहसीलदारांना अशा आदेशांवर सही करायचा अधिकारच नव्हता, सबब ते आदेश रद्द. अधिकार नसताना सही सरकारच्या माणसानं केली. माइकवरून नाव मात्र अर्जदाराचं वाचलं गेलं. त्या सहीचं नाव तुझ्या यादीत कुठं होतं?

बोगस दाखले निघाले नाहीत असं मी म्हणत नाही. खाडाखोड केलेल्या टीसी, एकट्या आधारवर काढलेले दाखले, दलालांची दुकानं हे सगळं आहे आणि जे आहे ते खणून काढलंच पाहिजे. जगाला सीमाच नकोत म्हणणाऱ्या विद्वानांचे लेखही मी वाचतो. मला ते पटत नाहीत. वावराला धुरा लागतो, आणि शेजाऱ्यानं धुरा कोरला तर भांडणही करावं लागतं. बांगलादेशाला लागून आपली चार हजार किलोमीटरहून जास्त सरहद्द आहे, तिथून माणसं येतात, मुंबईत पकडली जातात, हे खोटं नाही. पण पकडलेल्यांच्या बातम्या नीट वाच. दलालाला पैसे मोजून आलेल्या माणसाकडे आधार असतं, पॅन असतं आणि सगळीकडे स्पेलिंग एकच असतं. त्याचे कागद एका बैठकीत, एका टेबलावर तयार झालेले असतात. तीन कागदांवर तीन वयं असतात ती इथं जन्मलेल्या, इथंच म्हाताऱ्या झालेल्या अडाणी बाईची. कारण तिचे कागद पन्नास वर्षांत पन्नास बाबूंनी आपापल्या मर्जीनं लिहिलेले असतात.

तिच्या जन्माची नोंद शोधायला मी किती फिरलो ते सांगतो, कारण इतिहास माझा विषय होता आणि ह्या शोधात मला तो नव्यानं शिकायला मिळाला. ती १९५७ ची. तेव्हा तिचं गाव अकोला जिल्ह्यात आणि मुंबई राज्यात होतं. तिचा थोरला भाऊ १९५४ चा, त्याच घरात जन्मलेला. त्याचं राज्य मध्य प्रदेश. तिच्या वडिलांच्या जन्मावेळी वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं आणि कारभार इंग्रजांचा, कारण १९०२ च्या करारानं निजामानं तो कायमच्या भाडेपट्ट्यानं दिला होता. १९६० नंतर महाराष्ट्र, आणि १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. घर एकच. मारुतीच्या पारामागं, बारवेला लागून. त्या एका घराचे कागद मात्र वाशिमला विचारले तर अकोल्याला जा म्हणतात आणि अकोल्याला विचारले तर तुमचं आता वाशिमला.

शेवटी कोतवाल बुक सापडलं. तुला माहीत असेल, वऱ्हाडात जन्म-मृत्यूची नोंद गावचा कोतवाल ठेवायचा. जातीच्या दाखल्यासाठी आज अख्खं गाव ज्याची नक्कल शोधत फिरतं तेच बुक. वाळवीनं कडा खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली. तारखेच्या रकान्यात तारीख होती, बापाचं नाव होतं, जात मुसलमान लिहिलेली होती आणि अपत्याच्या रकान्यात फक्त 'मुलगी'. नाव नाही. असणार कसं? कोतवालानं नोंद केली तेव्हा पोरीचं नाव ठेवलेलंच नव्हतं. मी ती नक्कल घेऊन गेलो तर साहेब म्हणाले, "ह्या माणसाला चार पोरी होत्या. ही मुलगी तीच कशावरून?" मला उत्तर देता आलं नाही. साहेबांनाही विचारता आलं असतं की ही मुलगी ती नाही कशावरून, पण तो प्रश्न कुठल्या फॉर्मवर छापलेला नसतो.

ह्यातली गंमत बघ. नागरिकत्वाच्या १९५५ च्या कायद्याचं कलम ३ सांगतं की २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत जो भारतात जन्मला तो जन्मानंच भारतीय. आईबाप कोण, ते कुठले, काही विचारायचं नाही. इतका सरळ कायदा. तिला फक्त इथं जन्मल्याचं दाखवायचंय, आणि तिचा नेमका तोच कागद रद्द झालाय. परकी नाही हे सिद्ध करायचं ओझं मात्र ज्याच्यावर संशय घेतला त्याच्यावर. इंग्रजांनी १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यात ते घातलं आणि २०२५ च्या नव्या कायद्यानंही ते तसंच ठेवलं.

आणि तुझ्या जन्माचं काय? तुझ्या मायनं तुला कारखान्याच्या थळावर, उसाच्या पाचटाच्या कोपीत जन्म दिला. कुठल्या ग्रामपंचायतीत नोंद झाली नाही, दवाखाना नव्हता, सुईणही टोळीतलीच एक बाई. सहा वर्षांनी तुझी आजी तुला हाताला धरून शाळेत घेऊन आली. मी विचारलं, "जन्म कधीचा?" ती म्हणाली, "थंडीतला हाय, लई थंडी पडली व्हती त्या साली." दाखल-खारीज रजिस्टरमध्ये तुझ्या नावापुढे मी १ जून लिहिलं, जसं त्या वर्षीच्या निम्म्या वर्गापुढे लिहिलं, जसं माझ्या गुरुजींनी माझ्यापुढे लिहिलं होतं. महाराष्ट्रातल्या शाळांची रजिस्टरं उघडून बघ, अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मलेला आहे. त्या ओळीवर तुझी टीसी निघाली, टीसीवर आधार, आधारवर पासबुक, आणि त्याच कागदांवर तू पंचायत समितीची निवडणूक लढवलीस. तुझा जन्म थंडीतला आणि तारीख उन्हाळ्यातली, हे तुला कोणी विचारलं नाही, आणि विचारूही नये. मी फक्त इतकंच म्हणतो की तुझा कागद आणि तिचा कागद एकाच तऱ्हेचा, एकाच गरिबीतून आलेला आहे. फरक फक्त नावात आहे, आणि तू यादी नावं बघूनच केलीस. तांड्यांवरच्या, पारधी बेड्यांवरच्या कितीजणांनी त्याच वर्षी तसेच अर्ज केले होते. त्यांतलं एक नाव तू वाचलं नाहीस. वाचायला नकोच होतं. मग आमचीच काहून वाचलीस?

नावानं सुरू झालेलं कुठवर जातं ते ह्याच राज्यात बघ. जून २०२५ मध्ये मीरा रोडला मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालच्या एका माणसाला बांगलादेशी ठरवून सीमेपार ढकललं. तो मुर्शिदाबादचा होता. तिथून कागद आले तेव्हा त्याला परत आणावं लागलं. आसामात ३१ ऑगस्ट २०१९ ला नागरिक नोंदवहीची शेवटची यादी लागली आणि १९ लाखांवर माणसं बाहेर राहिली, हिंदूही आणि मुसलमानही. त्याच वर्षी तीस वर्षं लष्करात काढलेल्या एका निवृत्त अधिकाऱ्याला परकीय ठरवून गोलपाड्याच्या कॅम्पात डांबलं होतं. हायकोर्टानं जामीन दिला तेव्हा सुटला. इंग्लंडातही हेच घडलं. १९४८ पासून कॅरिबियन बेटांवरून बोलावून आणलेल्या लोकांना म्हातारपणी तुम्ही कधी आलात ते दाखवा म्हणाले, आणि त्यांच्या येण्याची कार्डं गृहखात्यानंच २०१० मध्ये नष्ट केली होती. २०१८ मध्ये तिथल्या पंतप्रधानांनी माफी मागितली. माफी मागणारं कोणी आपल्याकडे निघेल अशी माझी अपेक्षा नाही.

यादीनंतर चौकशीला पोलीस आला. भला माणूस. चपला बाहेर काढून आत आला. त्यानं विचारलं, "कुठल्या तुम्ही?" तिनं माहेरचं गाव सांगितलं. "त्याच्या आधी?" ती माझ्याकडे बघायला लागली. साठी उलटलेल्या बाईला जन्माच्या आधीचं गाव विचारलं तर ती काय सांगणार? तिनं चहा ठेवला. तेव्हापासून ती कापूस वेचायला जाते तरी आधार प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओढणीच्या टोकाला गाठ मारून नेते. बायका हसतात. मंगरूळपीरला बिरबलनाथ महाराजांच्या यात्रेला जायची, दर्ग्यावर जायची, यंदा कुठंच गेली नाही. मी तिला सांगतो की काही होणार नाही, तर ती एकच विचारते, "त्यानं वाचलं का खरंच? का दुसऱ्या कोणी?" मी दुसऱ्यानं वाचलं असं सांगितलंय. आता हे पत्र छापून आलं की तिला कळेलच.

नवा अर्ज मी केलाय. नव्या पद्धतीनं, सगळी कागदपत्रं जोडून, पोलिसांच्या अहवालासह. जाहीर प्रगटन पेपरात येईल, त्यात हरकती मागवलेल्या असतील. तुझी हरकत असेल तर मुदतीत दे. लेखी दे, स्वतःच्या नावानं, सहीनिशी, आणि ही बाई घुसखोर आहे असं तुला काहून वाटतं ते त्यात लिही. सुनावणीला समोरासमोर उभं राहू.

हरकत नसेल तर तेही लेखी दे. चौकशीत गावातल्या जुन्या माणसांचे जबाब लागणार आहेत आणि तिच्या वयाची माणसं आता फार उरलेली नाहीत. तुझी आजी तिच्याच माहेरची आहे, दोघी एका बारवेवर पाणी भरायच्या. आजीला चालवत नाही हे मला माहीत आहे. ऑटोचं भाडं मी देईन. घेऊन येशील का तेवढं कळव.

तुझे सर
(सेवानिवृत्त शिक्षक, जिल्हा वाशिम)