खोट्या शेतांतला खरा न्याय

‘दुःखापासून पळणारी पिढी’ या विषयावर गेल्या महिन्यांत एका व्याख्यानमालेंत एका विद्वान् वक्त्यांनीं तासभर भाषण केलें. मन खचलें कीं हल्लींचीं तरुण मुलें व्हिडिओ गेम घेऊन बसतात. हा वेळेचा अपव्यय आहे, तो खेळ खोटा आहे, आणि खोट्यांत सुख शोधणें हा भेकडपणा आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ. सभागृहांत टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रस्तुत लेखकानेंही शिष्टाचार म्हणून दोन टाळ्या वाजविल्या. त्यांचें प्रायश्चित्त म्हणून हा लेख.

टाळ्या वाजविणारे आम्ही कोण? रोज रात्रीं मालिकेंतील सासूचें कपट पाहिल्यावांचून ज्यांना झोंप येत नाहीं ते. सकाळीं शब्दकोडें अडलें तर चहा निवूं देणारे. आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर असतां संगणकावर एकट्यानें पत्त्यांचा डाव मांडणारे, ज्यांत खुद्द लेखकाची गणना होते. विरंगुळा सर्वांनाच लागतो. पण आपला तो विरंगुळा आणि मुलांचें तें व्यसन, हा न्याय ‘आपला तो बाब्या’ या म्हणीखेरीज दुसऱ्या कोणत्याही शास्त्रांत सांपडत नाहीं.

कांहीं दिवसांपूर्वीं माझी एक विद्यार्थिनी वडिलांसह घरीं आली होती. स्पर्धापरीक्षेंत तिला दोनदां अपयश आलेलें. दुसऱ्या वेळीं अवघ्या तीन गुणांनीं. वडील म्हणाले, “सर, काय सांगूं तुम्हांला, ही दिवसभर शेती करते! आमच्या सात पिढ्यांत कोणीं नांगर धरला नाहीं, आणि ही मोबाईलवर कंद पिकवीत बसते. शेवटीं मीं तो काढून कपाटांत ठेवला.” मुलगी खालीं मान घालून बसली होती. मीं तिला विचारलें, “काय मिळतं ग तुला त्यांत?” बऱ्याच वेळानें ती म्हणाली, “सर, तिथं पाणी घातलं कीं उगवतं.”

हें एक वाक्य मला त्या तासाभराच्या व्याख्यानाहून अधिक विचारार्ह वाटलें.

ती ज्या खेळाविषयीं बोलत होती त्याचें नांव ‘स्टारड्यू व्हॅली’. अमेरिकेंतील एरिक बॅरोन नांवाच्या तरुणानें चार वर्षांहून अधिक काळ एकट्यानें खपून तो रचला. चित्रें, संगीत, कथा, सारें त्याचेंच. २०१६ सालीं तो प्रसिद्ध झाला आणि आजवर त्याच्या ४ कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. एका अवाढव्य कंपनीच्या कचेरींत पिचून गेलेला नायक आजोबांनीं मरणापूर्वीं दिलेलें पत्र उघडतो, आणि त्यांच्या ओसाड शेतावर राहावयास जातो. हाताशीं ५०० नाणीं आणि पार्सनिप नांवाच्या, पांढऱ्या गाजरासारख्या एका कंदाच्या १५ बिया. बी २० नाण्यांस मिळते, कंद ३५ नाण्यांस जातो. चार दिवस पाणी घातलें कीं पीक तयार. उद्यां पाऊस पडणार असें तेथील दूरचित्रवाणीनें सांगितलें तर तो पडतो. एखादे दिवशीं पाणी घालावयाचें राहिलें तर रोप मरत नाहीं, वाढावयाचें तेवढें थांबतें. बुजगावणें ज्या टापूपुरतें उभें केलें त्या टापूंत कावळा फिरकत नाहीं. हंगाम २८ दिवसांचा. तो सरला कीं उभें पीक वाळून जातें, तेथें दयामाया नाहीं. परंतु तो केव्हां सरणार हें पहिल्याच दिवशीं ठाऊक असतें.

वक्त्यांना या खेळांत आळस दिसला. वस्तुतः त्यांत कष्टांवांचून फारसें कांहीं नाहीं. सकाळीं सहाला उठावें, दगड फोडावे, तण काढावें, गुरांना चारा घालावा. मग दमल्याभागल्या जिवाला अशा दुसऱ्या कामानें विसांवा कां मिळावा? जें तेथें मिळतें त्याला सुख म्हणण्यापेक्षां न्याय म्हणणें युक्त होईल. दोन वर्षें पाणी घालून ज्या मुलीच्या वाफ्यांत कांहींच उगवलें नाहीं, तिला श्रम आणि फळ यांचें नातें अजून शाबूत असलेली एखादी जागा पाहावीशी वाटली, तर तिला भेकड म्हणण्याचें धाडस निदान ज्यांनीं कायमच्या नोकरींत तीस वर्षें सुखानें काढलीं त्या माझ्यासारख्यांनीं तरी करूं नये.

यावर कोणी म्हणेल, ही खऱ्या शेतीची विटंबना आहे. लासलगांवच्या बाजारांत कांद्याची गाडी घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला २० चे ३५ होतील अशी हमी कोण देतो? आक्षेप अगदीं खरा आहे. परंतु तो लागूं कोणाला पडतो? खेळांतला भाव ठरलेला आहे यांत खेळाचा काय अपराध? खोट्या शेतांत हिशेब चोख आणि खऱ्या बाजारांत तो वाऱ्यावर, ही लाजिरवाणी स्थिति ज्यांना खुपते त्यांनीं बाजाराकडे बोट दाखवावें. मोबाईल हिसकावून घेणें पुष्कळ सोपें असतें. आणि ‘खोटें’ या शब्दाचा धाक तरी किती घ्यावा? भातुकलींतला भात कोणाच्या पोटांत गेला होता? तरी त्या भातुकलीचें कौतुक करतांना आपल्या आयाआज्यांचा कंठ दाटून येतो.

अशा विसांव्याच्या खेळांत दुसरें गाजलेलें नांव जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’चें. २० मार्च २०२० रोजीं तो बाहेर पडला. त्यानंतर पांचव्या दिवशीं आपला सारा देश दारें लावून घरांत बसला, आणि जगांत अन्यत्रही तीच अवस्था होती. त्या कोंडलेल्या दिवसांत लक्षावधि लोक या खेळांतल्या बेटावर राहावयास गेले. तेथें टॉम नूक नांवाचा सावकार घरासाठीं ९८,००० नाण्यांचें पहिलें कर्ज देतो. व्याज नाहीं, मुदत नाहीं, तगादा नाहीं. (हा सावकार मनुष्य नसून एक केसाळ जनावर आहे, हें ओघानेंच आलें.) बेटावरचें घड्याळ आपल्या घड्याळाबरोबर चालतें. आज लावलेलें रोप आज वाढत नाहीं. रात्रीं दहाला दुकान बंद होतें. थोडक्यांत, ‘आतां पुरे, उद्यां या’ असें खेळच सुचवितो. महिनाभर फिरकलें नाहीं तर तण माजतें, घरांत झुरळें होतात, शेजारी ‘इतके दिवस होतां कोठें?’ म्हणून विचारतात, आणि आपले केस विस्कटलेले दिसतात. शिक्षा एवढीच.

तथापि खेळाला औषधाच्या बाटलींत भरूं पाहणाऱ्या दुसऱ्या पक्षाशींही माझें जमत नाहीं. टेट्रिस हा १९८४ सालीं मॉस्कोंत अलेक्सी पाजित्नोव यांनीं रचलेला ठोकळ्यांचा खेळ. मोटार-अपघातांतून ऑक्सफर्डच्या रुग्णालयांत आलेल्या ७१ जणांवर झालेला एक प्रयोग २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत अपघातानंतर सहा तासांच्या आंत ज्यांना हा खेळ दिला, त्यांना पुढील आठवड्यांत अपघाताच्या नकोशा आठवणी बऱ्याच कमी आल्या. ही मोलाची गोष्ट आहे; पण ती विशिष्ट वेळीं, विशिष्ट दुखण्यासाठीं, डॉक्टरांच्या देखरेखीखालची. उलट, २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत सुमारें ३९,००० खेळाडूंच्या खेळाचे तास मोजून पाहिले, तेव्हां त्या तासांचा मनःस्वास्थ्यावर बरा-वाईट परिणाम जवळजवळ आढळलाच नाहीं. म्हणजे शिव्या देणारे आणि आरत्या ओवाळणारे, दोघेही सारख्याच उत्साहानें चुकीचा आंकडा मोजीत आहेत. मनुष्य किती वेळ खेळतो याहून, उठावेंसें वाटलें तेव्हां खेळ त्याला उठूं देतो कीं नाहीं, हें मला महत्त्वाचें वाटतें.

ऋग्वेदांतील अक्षसूक्तांत जुगाऱ्याला सांगितलें आहे, कीं फासे टाकून दे आणि शेत नांगर. गंमत अशी कीं आज तो फासा आणि तें शेत, दोन्ही एकाच मोबाईलमध्यें शेजारीं शेजारीं राहतात, आणि वडीलधाऱ्यांना त्यांतील भेद दिसत नाहीं. ‘कँडी क्रश’ या २०१२ सालच्या खेळाचेंच पाहा. दिसावयास गोळ्याबिस्किटांसारखा निष्पाप. परंतु पांच वेळां हरलें कीं दार बंद, एकेक डाव अर्ध्या तासानें परत मिळतो, आणि तेवढा धीर नसेल तर पैसे मोजावे. खचलेल्या माणसाच्या अधीरतेवर बसविलेलें हें जकातनाकें आहे. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाईन खेळांना बंदी करणारा कायदा आपल्या संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें केला तो योग्यच; पण ज्यांत जिंकावयाचें कांहीं नसून नुसतें देतच राहावयाचें, ते खेळ त्याच्या जाळ्यांत येत नाहींत. व्याख्यानें द्यावयाचींच तर या नाक्यांवर द्यावींत. आमच्या वक्त्यांनीं तासाभरांत त्यांचा उल्लेखही केला नाहीं. त्यांची स्वतःची करमणूक कोणती, हें विचारण्याचा मोह मीं आवरला.

खेळाचें व्यसन हा रोग होऊंच शकत नाहीं, असें कोणीं समजूं नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलांत आलेल्या रोगसूचींत त्याला जागा मिळाली आहे. परंतु खेळावरचा ताबा सुटणें, इतर सर्व गोष्टींपेक्षां खेळच मोठा होणें, नुकसान दिसत असूनही तो न सुटणें, त्यामुळें आयुष्याची घडी विसकटणें, आणि हें सामान्यतः वर्षभर चालणें, इतकें सारें त्या व्याख्येंत आहे. “माझी मुलगी शेती करते” एवढ्यावर तो रोग ठरत नाहीं. मीं त्या गृहस्थांना विचारलें, “मुलगी जेवते का? रात्रीं झोंपते का? मैत्रिणींशीं बोलते का?” ते म्हणाले, “मोबाईल होता तोंवर शेताच्या गोष्टी तरी सांगायची. आतां कांहींच बोलत नाहीं.” मी म्हटलें, “मग द्या कीं तो तिला परत.” ते जरा घुटमळले आणि म्हणाले, “पुढच्या परीक्षेचा निकाल लागूं द्या, मग देतों.”

त्या निकालास अजून सहा महिने आहेत. खेळ बंद असतां तेथील दिवस पुढें सरकत नाहीं; तेव्हां तिचें पीक कपाटांत होतें तसेंच उभें असेल.