वर्गणीचा सल्ला आणि लहान पुंजी

शेअरबाजार ही एके काळी मुंबईच्या दलाल स्ट्रीटची गोष्ट होती. आता ती पेडण्याच्या बसमध्ये नि डिचोलीच्या बाजारात मोबाइलवरून हातोहात फिरते. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि त्या भागातल्या काही घरांत जमिनीचा एकरकमी पैसा आला. इकडे आपले पदवीधर पहिल्या पगारातून हजार-दोन हजार बाजूला टाकू लागले आहेत. ‘कोणता शेअर घ्यावा’ हे सांगणाऱ्या सेवांची वर्गणी भरावी का, असा प्रश्न त्यामुळे वर्गातच नव्हे, प्राध्यापकांच्या खोलीतही निघतो. माझे मत असे की, ज्याची पुंजी लहान त्याने ती भरू नये.

हिशेब शाळकरी आहे. समजा, वर्गणी वर्षाला बारा हजार रुपये आणि गुंतवायला आहेत एक लाख. म्हणजे निर्देशांकानुसार चालणाऱ्या साध्या फंडापेक्षा शेकडा बारा अधिक मिळाले, तरच वर्गणी फिटली, लाभ त्यापुढचा. ‘फंडापेक्षा अधिक’ हे शब्द येथे विसरता कामा नयेत. बाजार चढला की बहुतेकांचे शेअर चढतात, श्रेय मात्र सल्लागार घेतो! पुंजी दहाच हजारांची असेल, तर चार आण्यांची कोंबडी नि बारा आण्यांचा मसाला. उलट वीस लाख असणाऱ्याला तीच वर्गणी एक टक्काही पडत नाही. त्याने विचार करावा. वाचायला वेळ असेल तर जरूर करावा.

पण सल्ला तरी खरा ठरतो का? अमेरिकेत आल्फ्रेड कौल्स या गृहस्थाने १९३३ साली सोळा सल्लासेवांच्या १९२८ ते १९३२ या काळातील शिफारशी तपासून प्रसिद्ध केल्या. त्या पाळणाऱ्याची सरासरी कमाई बाजाराच्या सरासरीहूनही कमी भरली. वर्गणी वेगळीच!

दूर कशाला, आपल्या डिचोलीचेच पाहा. खाणीचे ट्रक रोज दारावरून धावत होते. खाणधंद्याची माहिती येथे कोणाला विकत घ्यावी लागत नव्हती. कित्येकांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. पुढे त्या सुरू झाल्या, तर फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्टे रद्द झाले. न्यायालयाचा निकाल कोणत्या पत्रकात आगाऊ छापून येणार? धंदा डोळ्यांसमोर असूनही भविष्य दिसत नाही, हे डिचोलीकराला मुंबईच्या तज्ज्ञाने शिकवायला नको.

सगळेच सल्लागार लबाड असतात, असे मी म्हणत नाही. एखाद्या लहान कंपनीचे ताळेबंद उलगडून दाखवणारा अभ्यासू लेखक शिक्षकाइतकाच उपयोगी असतो. मात्र तो शिकवतो, की नुसती नावे पुरवतो, हे पाहावे. कंपन्यांचे वार्षिक अहवाल फुकट मिळतात. वाणिज्य शाखेच्या मुलांनी वर्षाला असे दोन जरी मुळातून वाचले, तरी कोणाची वर्गणी पोकळ आहे ते त्यांचे त्यांना कळेल. वायदेबाजाराच्या ‘टिप्स’ तर हातातही धरू नयेत. सेबीच्याच पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तेथे उतरलेल्या शंभरांतील त्र्याण्णव व्यक्तींनी पैसे घालवले.

इतके वाचूनही कोणाला वर्गणी भरायचीच असेल, तर त्याने आधी सेबीच्या यादीत सल्लागाराचा नोंदणी क्रमांक शोधावा. निश्चित परताव्याची हमी देण्यास नोंदणीकृत सल्लागाराला मनाई आहे, तेव्हा अशी हमी मिळाली की उठून यावे. मग मागील पाच वर्षांच्या सगळ्या शिफारशी, फसलेल्यांसह, लेखी मागाव्यात. त्या मिळेपर्यंत पैसे बँकेतच राहू द्यावेत.