मुखपृष्ठे काढून टाकण्यापूर्वी

आपल्या शाळेच्या ग्रंथालयातील गोष्टींच्या सर्व पुस्तकांना एकसारखी रेक्झिनची बांधणी करून घ्यावी, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळासमोर आला आहे. कव्हरे फाटतात, पाने निखळतात, दर वर्षी डिंक आणि चिकटपट्टी घेऊन बसावे लागते. त्यापेक्षा एकदाच मरून रंगाची पक्की जिल्द, वर सोनेरी क्रमांक, म्हणजे काळजी मिटली. हिशेबाच्या दृष्टीने प्रस्तावात चूक काढण्यासारखे काही नाही. परंतु अशी जिल्द बांधताना बाइंडर मूळ मुखपृष्ठ काढून टाकतो. आमचा विरोध तेवढ्याच एका गोष्टीला आहे.

प्रस्तावामागे आणखी एक कारण आहे. ते इतिवृत्तात आलेले नाही, पण सर्वांना ठाऊक आहे. गेल्या सत्रात एका माजी विद्यार्थिनीने ग्रंथालयाला पुस्तके भेट दिली. त्यांत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाचे नियमांचे जाडजूड पुस्तक होते. हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगत जातो, बाकीचे त्या गोष्टीतले योद्धा, जादूगार, चोर होतात, आता आपण काय करणार ते बोलून दाखवतात, आणि अडेल तिथे फासे टाकून निकाल लावतात. या पुस्तकाच्या २०१४ च्या आवृत्तीवर टायलर जेकबसन या चित्रकाराने अग्निदैत्यांचा राजा रंगवला आहे, आणि त्याच्यावर झेप घेणारी एक जादूगार स्त्री. पुस्तक आठवी-नववीत हातोहात फिरू लागले आणि दोन पालकांची लेखी तक्रार आली. शाळेत राक्षसांची चित्रे कशासाठी?

पालकांच्या काळजीबद्दल आम्हाला आदर आहे. पण दसऱ्याला आपण सारेच मुलांना खांद्यावर बसवून दशहरा मैदानावर नेतो आणि दहा तोंडांचा रावण दाखवतो. मूल घाबरते, टाळ्या पिटते, आणि परत येताना त्याच्या मिशा किती मोठ्या होत्या ते सांगते. राक्षसाचे चित्र पाहून कोणी बिघडल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

तक्रार मुलांचीही होती, फक्त ती लेखी नव्हती. नववीतली एक मुलगी ग्रंथपालबाईंना म्हणाली, दैत्याचे नाव आत छापले आहे, मग त्याच्याशी लढणाऱ्या बाईचे का नाही? तिच्या मैत्रिणीने अशा पुस्तकांची जुनी मुखपृष्ठे कुठेतरी पाहिली होती. तिचा प्रश्न आणखी रोखठोक होता. पुरुष योद्धा नखशिखान्त चिलखतात, आणि शेजारच्या बाईचे पोट उघडे. तिला तलवार लागत नाही का? हाच प्रश्न या खेळाच्या चाहत्यांनी देशोदेशी अनेक वर्षे विचारला आहे. २०१४ च्या आवृत्तीतल्या चित्रांत स्त्रिया पुरुषांसारखेच अंगभर चिलखत घालून लढताना दिसतात. ज्यांनी हा प्रश्न लावून धरला त्यांचा त्यात वाटा आहे, असे आम्हाला वाटते.

आता फरक पाहा. पालकांनी चित्र पाहिले. मुलींनी चित्र पाहिले, पुस्तक उघडले, दोन्ही ताडून पाहिले आणि मग दोष काढला. मराठीच्या तासाला रसग्रहण म्हणून आम्ही जे शिकवू पाहतो आणि ज्याची उत्तरे मुले गाइडमधून उतरवून आणतात, ते या दोघींनी कोणी न सांगता केले.

वाचकाच्या अशा तक्रारीला मोठे प्रकाशकही भीक घालतात. हॅरी पॉटरचे पहिले पुस्तक इंग्लंडमध्ये १९९७ साली निघाले, तेव्हा चित्रकार थॉमस टेलर यांनी मागच्या बाजूला आपल्या मनचाच एक जादूगार काढला होता. हा कोण, असे वाचक विचारू लागले. गोष्टीत तसा कोणी नव्हताच. पुढे प्रकाशकाने टेलर यांच्याकडूनच त्या जागी डंबलडोर काढून घेतला. उर्सुला ले ग्विन यांचे दुखणे याहून खोल होते. त्यांच्या 'अर्थसी' या कल्पित बेटांवरच्या कथांचा नायक तांबूस-सावळ्या वर्णाचा आहे, तसे पुस्तकात स्पष्ट लिहिलेले आहे. तरी कित्येक आवृत्त्यांच्या मुखपृष्ठांवर तो गोराच निघत राहिला. पहिले पुस्तक १९६८ चे. लेखिका पुढे अनेक वर्षे याबद्दल नाराजी बोलून दाखवत होत्या. आपल्या सावळ्या मुलांनी हे जरूर वाचावे.

मराठीत मुखपृष्ठाची जादू निराळी होती. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड कसे दिसतात हे मात्र वाचकांच्या मनात ठसवले ते रघुवीर मुळगावकरांच्या कुंचल्याने. दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' अंक सुरू केला, आणि त्यांच्या चित्रासाठी अंक जपून ठेवणारी घरे इंदूरमध्येही होती. ही चित्रे फार गोड, फार सुंदर असतात, असा आक्षेपही त्या काळापासून आहे आणि तो खोटा नाही. पण आक्षेप घ्यायला चित्र तरी समोर हवे!

इंद्रजाल कॉमिक्सचे उदाहरण आमच्या पिढीला जवळचे. मार्च १९६४ मध्ये ती सुरू झाली, १९९० मध्ये बंद पडली. सुरुवातीच्या अंकांची मुखपृष्ठे बी. गोविंद यांनी रंगवली होती. त्यांच्या कवटीच्या गुहा आणि घोड्यावरचा बुरखाधारी वीर पाहून घेतलेले अंक लोक आजही शोधत फिरतात. मराठीत त्या वीराचे नाव वेताळ. ते ऐकून विक्रमाच्या खांद्यावरचे भूत अपेक्षिणाऱ्या मुलांचा पहिल्या पानालाच विरस होत असे, तो भाग वेगळा.

पण आमचा मुद्दा 'चांदोबा'पाशी येतो. मद्रासहून जुलै १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेले हे मासिक १९४९ मध्ये हिंदीत 'चंदामामा' म्हणून आणि १९५२ मध्ये मराठीत 'चांदोबा' म्हणून आले. मुखपृष्ठ सगळ्या भाषांत एकच, बहुधा 'वपा' म्हणजे वड्डादी पापय्या यांचे. आत शंकर यांनी काढलेला, खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला विक्रम. आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरी मराठी बोलत होतो, वाचत नव्हतो. शाळेत 'चंदामामा' वाचलेला असे, आणि तेच चित्र अंगावर घेतलेला 'चांदोबा' शेजारच्या आजींकडे दिसे. चित्र ओळखीचे, म्हणून हात पुढे गेला; गोष्ट ओळखीची, म्हणून अडलेला शब्द आपोआप कळला. मराठी वाचायला आम्हाला कोणी मास्तरांनी शिकवले नाही.

आज खजरान्यातून आपल्या शाळेत येणाऱ्या मुलांची स्थिती याहून फार वेगळी नाही. ती रस्त्यावर हिंदी बोलतात, मोबाइलवर इंग्रजी पाहतात, आजीशी मराठी बोलतात, कित्येकांच्या घरी तर तेही नाही. कपाटात मरून रंगाचे दोनशे कणे ओळीने उभे राहिले, तर त्यातले एखादे मराठी पुस्तक ते कशासाठी ओढून काढतील? सोनेरी क्रमांकासाठी? पिढ्यानपिढ्या इंदुरात राहून आपण ही शाळा मराठीसाठी चालवतो. तिच्यात मराठी पुस्तकाचा चेहराच काढून टाकणे आम्हाला पटत नाही.

म्हणून मंडळाला आमची विनंती अशी. नव्या पुस्तकांना पारदर्शक प्लास्टिकचे वेष्टन घालावे. पाने सुटलेल्या जुन्या पुस्तकांना जिल्द अवश्य बांधावी, पण मूळ मुखपृष्ठ कापून पुठ्ठ्यावर चिकटवून घ्यावे. बाइंडर याचे थोडे जास्त घेईल, ते द्यावेत. ज्यांचे मुखपृष्ठ अगोदरच हरवले आहे, त्यांच्यासाठी सहावी ते नववीच्या मुलांनी पुस्तक वाचून नवे काढावे. पुस्तक न वाचता काढलेले चित्र घेतले जाणार नाही, मग ते कितीही सुबक असो.

पालकांसाठी ग्रंथालयात एक वही ठेवली आहे. ज्या पुस्तकाच्या चित्राबद्दल आक्षेप असेल त्याची निदान वीस पाने वाचावीत आणि आक्षेप त्या वहीत नोंदवावा. तीच वही मुलांनाही खुली आहे. त्या दोन मुलींचे प्रश्न आम्ही पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहून घेतले आहेत. खेळाचे ते पुस्तक सध्या ग्रंथपालबाईंच्या टेबलावर आहे, कपाटात बंद केलेले नाही. मंडळाचा निर्णय होईपर्यंत एकही पुस्तक बाइंडरकडे जाणार नाही.