सागरी चोरांचा माग

दर वर्षी नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होण्याच्या सुमारास गोव्याच्या किनाऱ्यांवर डांबराचे काळे गोळे येऊन पडतात. रापणीची जाळी बरबटतात, वाळू काळवंडते, चार दिवस ओरड होते आणि मग सारे शांत होते. भर समुद्रात टाक्या धुणारी तेलवाहू जहाजे हे या उपद्रवाचे एक प्रमुख कारण मानले जाते; परंतु नेमके कोणते जहाज, या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले, तेव्हा जहाजांची नावे जगजाहीर होती. रात्रीच्या काळोखात सोडलेल्या तेलाला मात्र धनी नसतो.

याबाबत कायदा नाही असे नव्हे. १९७३ चा आंतरराष्ट्रीय करार १९७८ च्या पुरवणीसह १९८३ मध्ये अमलात आला. यंत्रघरातील पाण्यात दहा लाख भागांमागे पंधरा भागांहून अधिक तेल असल्यास ते समुद्रात सोडता येत नाही. उणीव आहे ती साक्षीदाराची.

हा साक्षीदार आता उपलब्ध आहे. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या तीनशे टन व त्यावरील जहाजांना आपली ओळख, स्थान, दिशा व वेग सतत प्रक्षेपित करणारे यंत्र २००४ अखेरपासून बंधनकारक आहे. टकरी टाळण्यासाठी योजलेले हे यंत्र चोर पकडण्यासही उपयोगी पडते. तेलाचा तवंग लहान लाटा दाबून टाकतो. त्यामुळे उपग्रहाच्या रडारचित्रात तो काळ्या पट्ट्यासारखा उमटतो. वारा व प्रवाह यांचा हिशेब करून तो पट्टा मागे नेला आणि त्या वेळच्या जहाजांच्या मार्गांशी ताडून पाहिला, की संशयित मोजकेच उरतात. युरोपीय सागरी सुरक्षा संस्था २००७ पासून हेच करीत आहे.

या पद्धतीला मर्यादा आहेत, हे मान्य केले पाहिजे. वारा पडला असता किंवा शेवाळ पसरले असताही समुद्र काळा दिसतो, आणि यंत्र बंद करणे कप्तानाच्या हाती असते. म्हणून चित्र हा पुरावा नव्हे, तो संशय होय. परंतु संशयित जहाजाची पुढच्या बंदरात तपासणी करण्यास, त्याची तेलनोंदवही पाहण्यास आणि टाकीतील तेलाचा नमुना किनाऱ्यावरील गोळ्यांशी जुळवून पाहण्यास तेवढा आधार पुरेसा आहे. सबळ कारणावाचून यंत्र बंद ठेवणे हेही तपासणीचे कारण मानले पाहिजे.

भारताजवळ रडारधारी उपग्रह आहेत, दीपगृहांवर जहाजांचे संदेश टिपणारी केंद्रे आहेत, तवंगाची वाटचाल वर्तविणारी हैदराबादची संस्था आहे आणि तटरक्षक दलही आहे. या साऱ्यांची सांगड केवळ मोठ्या अपघातानंतर न घालता ती रोजचे काम व्हावी आणि पकडलेल्या जहाजांची नावे जाहीर व्हावीत. दंडाच्या रकमेपेक्षा पकडले जाण्याची खात्रीच जहाजमालकांना अधिक धाक घालील. एरवी किनारा साफ करण्याचा खर्च सरकारच्या आणि बुडालेल्या मासळीचा तोटा रापणकाराच्या माथी पडत राहील.