घरी बांधलेल्या गाडीचा सांधा

पंजाब, हरियाणा, राजस्थान आणि उत्तर प्रदेश येथील खेड्यांतून ज्यांनी प्रवास केला असेल, त्यांना ‘जुगाड’ हे वाहन परिचयाचे असेल. पाणी उपसणारे डिझेल इंजिन, मोडीत निघालेल्या जीपचा गिअरबॉक्स, तिचाच मागचा आस आणि वर फळ्यांचा साटा. एवढ्या सामग्रीतून गावचा मिस्त्री चालती गाडी उभी करतो. या कल्पकतेचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु या गाडीवर धान्याच्या पोत्यांबरोबर बायकामुलेही बसतात, आणि त्यांच्या पायांखाली एक पोलादी दांडा मिनिटाला शेकडो फेरे घेत असतो. तो ज्या सांध्यांनी जोडलेला असतो, त्यांच्या निवडीचा विचार आज करू.

या सांध्याला इंग्रजीत युनिव्हर्सल जॉइंट म्हणतात. शब्दाला शब्द ठेवून ‘विश्वसांधा’ असे भाषांतर केले, तर कोणालाच बोध होणार नाही. गॅरेजातला मिस्त्री त्याला नुसते ‘क्रॉस’ म्हणतो आणि त्या एका शब्दात त्याची रचना सांगतो : समोरासमोर दोन दुबेळकी, त्यांना जोडणारा अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, आणि त्याच्या चारही टोकांवर सुयांसारख्या बारीक रुळांच्या टोप्या. दोन दांडे एका रेषेत नसले तरी हा सांधा एकाचे फिरणे दुसऱ्याला पोचवतो.

मात्र या सांध्याचा एक स्वभाव आहे. त्याला कोन दिला की पुढचा दांडा एकसारख्या गतीने फिरत असला, तरी मागचा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो व दोनदा मागे रेंगाळतो. पुढचा दांडा मिनिटाला १००० फेरे घेत असेल आणि कोन १० अंशांचा असेल, तर मागच्याची गती ९८५ ते १०१५ यांच्यामध्ये हेलकावे खाते. २० अंशांना हीच कक्षा ९४० ते १०६४ होते. हे हेलकावे म्हणजेच गाडीची थरथर आणि सांध्याची झीज.

यावरील उपाय जुना व सोपा आहे. एकाऐवजी दोन सांधे वापरावेत, दोन्हींचे कोन सारखे ठेवावेत, आणि मधल्या दांड्याच्या दोन टोकांची दुबेळकी एकाच पातळीत असावीत. मग पहिल्याने केलेली चूक दुसरा निस्तरतो. घरगुती बांधणीत नेमके येथेच बिघडते. जुना दांडा लांब पडतो, तो कापून पुन्हा जोडतात. जोडताना दुबेळकी थोडी फिरतात आणि दोन चुका एकमेकींना मिळतात. म्हणून कापण्यापूर्वी दांड्यावर टोकापासून टोकापर्यंत एक सरळ रेघ मारून घ्यावी. जोडल्यावर तो सरळ आहे ना, हे पाहावे व त्याचा तोल साधून घ्यावा.

कोन काही अंशांपलीकडे जाऊ नये. परंतु तो अगदी शून्यही नसावा. दांडे तंतोतंत एका रेषेत असले, तर सुया जागच्या जागी दाब खातात व क्रॉसवर खाचा पडतात. खड्ड्यांत मागचा आस खालीवर होतो, तेव्हा अंतर बदलते. त्यासाठी दांड्याला मागेपुढे सरकणारा खाचांचा जोड हवाच.

आता सांध्याच्या आकाराविषयी. तो इंजिनाच्या अश्वशक्तीवरून नव्हे, तर पहिल्या गिअरमधील पिळावरून ठरवावा. १० अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर सुमारे ४.८ किलोग्रॅम-मीटर पीळ देते. पहिल्या गिअरमध्ये गती चौपट घटली, की तोच पीळ १९ होतो. क्लच झटक्याने सुटला, तर त्याच्या दुप्पट सोसण्याची तयारी असावी.

जुना क्रॉस घेताना टोपी काढून बोट फिरवावे. नखाला खाच लागली, तर तो कितीही स्वस्त असला तरी नाकारावा, आणि क्रॉस व चारही टोप्या एकत्रच बदलाव्यात. धुळीच्या रस्त्यांसाठी ग्रीसचे निपल असलेला क्रॉस सोयीचा. चारही टोकांतून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे. गाडी हलताना ‘टक्’ असा आवाज येऊ लागला किंवा टोपीभोवती तांबूस भुकटी दिसली, की ती सूचना समजावी.

इतके करूनही सांधा तुटू शकतो. पुढचा तुटला तर दांड्याचे टोक जमिनीत रुतून गाडी उलथू शकते. सुटलेले टोक वर उसळले तर साट्याच्या फळ्या त्याला अडवू शकत नाहीत. म्हणून पुढच्या सांध्याजवळ दांड्याभोवती जाड लोखंडी पट्ट्याचे कडे बसवावे. सबंध गाडीत याहून स्वस्त विमा नाही.

आणखी एक गोष्ट. जुगाड हेही कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहनच आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. तेव्हा नोंदणीवाचून असे वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणणे हा गुन्हा ठरतो. आपल्या शेतात वा आवारात चालवायचे असले, तरी वर बसणारी माणसे तीच आणि खाली फिरणारा दांडाही तोच. हाती येईल तो क्रॉस बसवण्यापूर्वी एवढे ध्यानी ठेवले, तर कल्पकतेला जबाबदारीची जोड मिळेल.